बर्फ, दोनशे बारा तुकडे

दांडिया बाजारातल्या दुकानाचं शटर
आता फक्त रविवारी वर जातं.
सहाशे चौदा कॅसेटी. काहींना बुरशी.
लेबलांवर नानांचं अक्षर :
'पटेल, मांजलपूर. रिसेप्शन. अर्धे पैसे बाकी.'

चार महिने मी त्या संगणकात उतरवत होते.
मग एका प्रोग्रामला म्हटलं, घे, लाव ढीग.
त्याला कान नाहीत. मंगलाष्टकं, बँड, पाठवणीचं रडणं
त्याच्या लेखी झालेलंच नाही.
तो फक्त बघतो, सेकंदाला एक चित्र.

रात्रभर पंखा घुरघुरला. सकाळी फोल्डर तयार :
सभागृह, जेवण, रस्ता, जमाव.
विश्वामित्रीच्या पुरात बुडालेली कारेलीबागेतली गल्ली
त्यानं 'सरोवर'मध्ये टाकली,
आणि गच्चीवरून दोरीनं दुधाच्या पिशव्या ओढणारे शहाकाका
'मासेमारी'त.
मी हसले. हसू थांबलं ते खालच्या ओळीवर.
बर्फ : दोनशे बारा तुकडे.

बडोद्यात बर्फ असतो लारीवरच्या गोळ्यात,
सरबताच्या पिंपात,
उन्हाळ्यात मयताखाली.
दोनशे बारा?

पहिला उघडला. पडदाभर पांढरं.
चार सेकंदांनी ते पांढरं जरा हललं, घडी दिसली.
रुमाल.
दुसरा, रुमाल. तिसऱ्यात चुन्याची भिंत.
पुन्हा रुमाल, रुमाल, एकदा भाताची परात,
एकदा कुणा भटजींचं धोतर, अगदी जवळून.

मोतीबिंदूची तारीख दोनदा पुढे ढकललेले नाना
नाक पडद्याला लावून म्हणाले,
"व्हाइट बॅलन्स गं.
कुठे ट्यूब हिरवट, कुठे मंडपाचं कापड लाल.
कॅमेऱ्याला आधी सांगावं लागतं, बाबा रे, हे पांढरं.
मग शालू आपोआप रंगावर येतो."
"आणि रुमाल कोण धरायचं?"
"तुझी आई. दुसरं कोण परवडत होतं?"

सहाशे चौदा कॅसेटींत आई कुठेच नाही.
ती हॅलोजनच्या मागे.
"बेन, लाइट जरा उंची राखो,"
असं कुणी ओरडलं की उजेड हलतो.
तेवढीच हजेरी. सख्ख्या भावाच्या लग्नातसुद्धा.

मी बर्फ तारखेप्रमाणे लावला.
रुमाल संपतो तिथे, कडेला, अंगठा.
नव्वद साली हिरव्या काचेच्या बांगड्या.
मग मनगटावर लालभडक चट्टा,
दिव्याच्या जाळीला हात लागला असणार.
चार लग्नांनी तो तपकिरी होतो,
नंतर जात नाही.
अंगठी येते. अंगठी जाते,
ती माझी पहिल्या वर्षाची फी.
पुढे रुमाल थरथरायला लागतो.
नाना म्हणाले, थंडी असेल.
तारीख मे महिन्याची आहे.

एकशे ऐंशीनंतर हात बदलतो.
कुरतडलेली नखं, प्लास्टिकचं घड्याळ.
मी, एकोणीस वर्षांची. रुमाल वाकडा धरलेला,
म्हणून त्या हंगामातल्या सगळ्या नवऱ्या निळसर.

खाली प्रोग्राम विचारतोय :
वर्गीकरण बरोबर आहे का?
चुकलं असल्यास नाव सांगा, मी शिकेन.

'रुमाल' लिहिलं. खोडलं.
दुसरं लिहिलं असतं तर
उद्या कुणाच्या तरी मनालीच्या सहलीत,
उतारावर घसरणाऱ्या पोरांमागे
जिथे तिथे त्याला
आई दिसली असती.

'बरोबर' वर टिचकी मारली.
नानांना म्हटलं, डोळ्यांचं या बुधवारी पक्कं.
ते म्हणाले, बघू.